गोव्यात भाड्याची गाडी : मिरवायची की फिरवायची?

गोव्याच्या सहलीचा बेत पक्का झाला की घराघरांत दोन वाद हमखास होतात. पहिला समुद्रकिनारा उत्तरेचा की दक्षिणेचा यावर आणि दुसरा गाडी कोणती यावर. मुलांनी आधीच ठरवून टाकलेले असते, ‘बाबा, थारच घ्यायची!’ बाबांनाही मनातून तेच हवे असते, पण खिसा वॅगन आरकडे बोट दाखवतो. आई डिकीत बॅगा मावतील की नाही याच्या विवंचनेत असते आणि आजीचा प्रश्न सर्वांत साधा व सर्वांत महत्त्वाचा असतो, ‘मला त्यात चढता येईल ना रे?’

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकठिकाणांहून गोव्यात येणारी कुटुंबे हल्ली टॅक्सीच्या नादी न लागता स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतात. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नंबर लिहिलेली ही गाडी गोव्याच्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. त्यात दोन गाड्या विशेष नजरेत भरतात. एक मारुतीची वॅगन आर आणि दुसरी महिंद्राची थार. एक साधी, घरगुती. दुसरी रुबाबदार, फोटोत शोभणारी. भाडे देऊन दोन्ही मिळतात, पण चालवताना दोघींचा स्वभाव अगदी निराळा. तीन-चार दिवसांच्या सहलीत हा स्वभाव ओळखायला फारसा वेळ मिळत नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

दोघींची कुंडली

सध्याच्या पिढीची वॅगन आर २०१९ मध्ये बाजारात आली. लांबी ३,६५५ मिलिमीटर, रुंदी १,६२० मिलिमीटर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे वजन साधारण आठशे ते साडेआठशे किलो. तीन दारांची नवी थार २०२० मध्ये आली. तिची लांबी ३,९८५ मिलिमीटर, रुंदी १,८२० मिलिमीटर आणि वजन पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे थार फूटभर लांब, जवळपास वीतभर रुंद आणि वजनाने जवळजवळ दुप्पट.

बांधणीतही फरक आहे. वॅगन आरचा सांगाडा आणि वरचे शरीर एकसंध असते. थारमध्ये खाली ट्रकसारखी भक्कम शिडीवजा चौकट आणि तिच्यावर बसवलेली बॉडी. दगडधोंड्यांच्या वाटेवर ही चौकट कामी येते. मात्र गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग थोडा आणि धक्के अधिक, विशेषतः मागे बसलेल्यांना.

बसणाऱ्यांचा विचार आधी

गाडीची निवड चालवणारा करतो, पण दिवसभर सोसावी लागते ती बसणाऱ्यांना. वॅगन आरची बैठक साधारण खुर्चीच्या उंचीची. गुडघेदुखीच्या माणसालाही वाकावे लागत नाही की चढावे लागत नाही. दार उघडले, टेकले, पाय आत घेतले, की झाले. चार दारे असल्याने मागच्यांना पुढच्यांची विनवणी करावी लागत नाही. डिकी ३४१ लिटरची आहे. दोन मध्यम बॅगा आणि खाऊची पिशवी तिच्यात सहज बसते.

तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचे तर पुढची सीट पाडून, पायरीवर पाय ठेवून, वाकून आत शिरावे लागते. दहा वर्षांच्या मुलाला हा खेळ वाटतो. सत्तरीच्या आजीला नाही. दिवसातून आठ-दहा वेळा, देवळाशी, चर्चशी, किनाऱ्याशी, खानावळीशी ही कसरत करायची आहे, हे आधी लक्षात घ्यावे. शिवाय या गाडीत जागा चौघांचीच. मागच्या सीटवर माणसे बसली की तिच्यामागे सामानाला नावापुरती जागा उरते. पाच जणांच्या कुटुंबाने ‘एक मूल मांडीवर घेऊ’ असा तोडगा काढू नये. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची, पाच जणांची थार रॉक्स आली आणि ही अडचण बरीच दूर झाली. भाड्याने ती मिळत असेल तर कुटुंबासाठी तीच बरी. मात्र ती आणखी लांब आणि आणखी रुंद आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पहिला अर्धा तास

घरची गाडी आपल्या अंगवळणी पडलेली असते. क्लच कुठे उचलतो, ब्रेक किती दाबला की गाडी थांबते, डावे चाक रस्त्याच्या कडेपासून किती दूर आहे, हे आपण विचार करून ठरवत नाही. पाय आणि हात परस्पर ठरवतात. परक्या गाडीत हे सगळे पुन्हा शिकावे लागते. त्यात गाव परके, रस्ता परका, मोबाइलवर नकाशा बोलतोय आणि मागच्या सीटवर ‘समुद्र कधी येणार?’ चालू आहे.

ज्यांच्या घरी लहान गाडी आहे, त्यांना वॅगन आरची ओळख चटकन होते. काचा मोठ्या, बॉनेट आखूड, चारही कोपऱ्यांचा अंदाज लगेच येतो. स्टेअरिंग हलके असते आणि गाडी थोड्या जागेत वळते. पंधरा-वीस मिनिटांत हात बसतो.

थारमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्याला आपण राजासारखे उंच बसलो आहोत असे वाटते. दूरचे छान दिसते, पण जवळचे तितके दिसत नाही. चौकोनी, रुंद बॉनेटखाली समोरचा लहानसा दगड किंवा बसलेले कुत्रे झाकले जाते. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असल्याने मागच्या काचेतून दिसणारे दृश्यही तोकडे होते. रिव्हर्स घेताना घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने खाली उतरून बाजूला उभे राहून मागचे सांगणे यात कसलाही कमीपणा नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे वेग. जमिनीपासून जितके उंच बसावे तितका रस्ता हळू सरकतो आहे असे वाटते. वॅगन आरमध्ये ताशी ६० चा वेग चांगलाच जाणवतो. थारमध्ये तोच वेग रमतगमत चालल्यासारखा वाटतो आणि काटा केव्हा ८० वर गेला ते कळत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, ८० च्या वेगाने २२ मीटर. नकाशाकडे एक नजर टाकली एवढाच तो सेकंद. म्हणून परक्या गाडीत वेग अंदाजावर सोडू नये, काट्यावर पाहावा.

गडग्यांमधली वाट

गोव्याचे महामार्ग रुंद झाले आहेत. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ पासून आणि झुआरीवरचा नवा पूल पूर्णपणे २०२३ च्या अखेरीपासून वाहतुकीला खुला आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण प्रवास बराच सुसह्य झाला. पण पर्यटक जिथे खरोखर फिरतात ते रस्ते महामार्ग नव्हेत. ते आहेत गावातून जाणारे वळणावळणाचे अरुंद रस्ते. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला माड आणि वळण संपता संपता समोरून येणारी बस.

अशा जागी थारची ती जादा वीत आठवते. वॅगन आरवाला समोरून वाहन आले की डावीकडे सरून उभा राहतो. थारवाल्याला आपले डावे चाक नेमके कुठे आहे हे ठाऊक नसते, म्हणून तो नकळत रस्त्याच्या मध्यावर राहतो. वळणावर मध्यभागी राहणे म्हणजे समोरच्याच्या जागेत घुसणे. गोव्यात सर्वत्र भाड्याच्या स्कूटर धावतात आणि त्या चालवणारेही आपल्यासारखेच नवखे असतात. आपल्या गाडीत आपण सुरक्षित असू, पण पावणेदोन टनांसमोर स्कूटरवरचा माणूस नसतो.

पणजीच्या फोंतेन्हास वस्तीतल्या गल्ल्या किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अशा ठिकाणी तर गाडी कोणतीही असो, बाहेर उभी करून पायी जावे. चोडण किंवा दिवाडी बेटावर फेरीबोटीने जायचे असेल तर गाडी उतारावरून बोटीत चढवावी लागते आणि अंगाला अंग लावून उभी करावी लागते. लहान गाडीचा फायदा इथे विशेष कळतो. मोठी गाडी असेल तर बोटीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातवाऱ्यांकडे लक्ष ठेवून मुंगीच्या पावलाने जावे.

चढ थारचा, उतार दोघींचा

थारचा खरा तोरा दिसतो तो चढावर. तिच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाचा जोर (ज्याला गाडीवाले टॉर्क म्हणतात) ३०० न्यूटन मीटर आहे. एक लिटरच्या वॅगन आरचा जोर ९० च्या घरात. काणकोणला जाताना करमल घाट लागतो. चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना छोट्या वॅगन आरला तिथे गिअर खाली आणावा लागतो, इंजिन कुरकुरते. पुढच्या ट्रकला मागे टाकण्याचा मोह तिच्यात आवरावाच लागतो. थार तोच चढ सहज ओढते. ज्यांना डोंगराळ भागात जास्त फिरायचे आहे, त्यांच्यासाठी हा मोठाच गुण.

पण चढण्याइतकेच उतरणेही असते. उतारावर दुप्पट वजन दुप्पट जोराने पुढे ढकलते. थारचे ब्रेक तिच्या वजनाला साजेसे मोठे असतात, यात शंका नाही. तरी सतत ब्रेक दाबून उतरले तर कोणत्याही गाडीचे ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक हवा तेव्हा पुरेसा धरत नाही. जुन्या चालकांचा नियम दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय कुठे आहे ते घाट सुरू होण्यापूर्वीच पाहून घ्या. आणि पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका, त्यात इंजिनाचा आधार सुटतो.

वळणावर दोघींचीही एक उणीव सारखी आहे. दोघी उंच आहेत. वॅगन आर तर रुंदीपेक्षा उंचीने जास्त, १,६७५ मिलिमीटर. जोरात वळवली की ती कलते. थारही कलते आणि तिचे वजन उंचावर असल्याने तो कल अधिक जाणवतो. उपाय एकच. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. मागे बसलेल्यांची मळमळही त्याने निम्म्यावर येते.

वाळू आणि पाऊस

‘फोर बाय फोर आहे, काही होत नाही,’ हे वाक्य थार घेणाऱ्याच्या तोंडी फार लवकर येते. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळाला की गाडी चिखलातून निघते, चढ चढते. पण थांबण्याच्या कामी त्याचा काहीच उपयोग नाही. ब्रेक तर वॅगन आरलाही चारही चाकांना असतात. पावसात डांबर निसरडे झाले, कडेची लाल माती रस्त्यावर वाहून आली, की दोन्ही गाड्या सारख्याच घसरतात. आणि भाड्याने मिळणारी प्रत्येक थार चार चाकांच्या जोराची असतेच असे नाही. २०२३ पासून फक्त मागच्या चाकांना जोर देणारी थारही विकली जाते.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी आहे. तरीही ओल्या वाळूत चाके रुतलेली आणि भरतीची लाट बॉनेटला लागलेली पर्यटकांची गाडी दरवर्षी बातमीत झळकते. गुन्हा नोंदला जातो, गाडी जप्त होते आणि खाऱ्या पाण्याने झालेल्या नुकसानीचे बिल गाडी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

उघडे छप्पर हे दुसरे आकर्षण. छप्पर उघडून उभ्याने फोटो काढायचा असेल तर गाडी बंद करून, रस्त्याच्या बाजूला. चालत्या गाडीत मुलांना उभे करणे म्हणजे आपल्याच हाताने संकटाला बोलावणे. मागच्या सीटवरही पट्टा बांधणे कायद्याने आवश्यक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे.

टक्कर झालीच तर

इथे मात्र लहान गाडीच्या बाजूने बोलणाऱ्याला थोडे थबकावे लागते. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर चाचणीत थारला २०२० मध्ये मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येकी चार तारे मिळाले. वॅगन आरला २०१९ मध्ये दोन तारे मिळाले होते. पुढे चाचणीचे नियम कडक झाले आणि २०२३ मध्ये तिला मोठ्यांसाठी एक तारा मिळाला, मुलांसाठी एकही नाही. २०२५ पासून नव्या वॅगन आरमध्ये सहा एअरबॅग देऊ लागले आहेत. पण भाड्याच्या ताफ्यात त्याआधीच्या गाड्याही असतात, म्हणून गाडी कोणत्या वर्षाची आहे हे विचारावे.

म्हणजे हिशेब असा होतो. टक्कर झाल्यावर थार जास्त सांभाळते. टक्कर होऊ न देणे नवख्या हाताला वॅगन आरमध्ये सोपे जाते. कोणती बाजू जड, हे चालवणाऱ्याच्या हातावर ठरते. घरी मोठी गाडी चालवणाऱ्याला थार परकी वाटणार नाही, त्याने ती जरूर घ्यावी. घरी दहा वर्षे लहान गाडी चालवलेल्याने सहलीच्या पहिल्याच रात्री, पावसात, अरुंद रस्त्यावर थारचा सराव सुरू करू नये. हौस असेल तर मधल्या एका दिवसापुरती, सकाळच्या उजेडात, मोकळ्या रस्त्यासाठी घ्यावी.

खिशाची बाजू

थारचे भाडे वॅगन आरच्या साधारण दुप्पट, हंगामात त्याहूनही जास्त असू शकते. इंधनाचा हिशेबही पाहावा. तीन दिवसांत ३०० किलोमीटर फिरणे झाले आणि वॅगन आरने लिटरला १८ चे अॅव्हरेज दिले तर सुमारे १७ लिटर लागतील. थारने ११ चे दिले तर २७ लिटरहून अधिक. वाचलेल्या पैशांत कुटुंबाचे एक झकास मत्स्याहारी जेवण सहज होते.

आणखी एक गोष्ट पैशांहून महत्त्वाची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देऊ करणारे पुष्कळ भेटतात. अशी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. तिचा विमा खासगी वापरापुरता असतो. भाड्याने घेतलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि मग सारा भार चालवणाऱ्याच्या डोक्यावर येतो. थार असो वा वॅगन आर, पाटी काळी आणि अक्षरे पिवळी, एवढे पाहिल्याशिवाय किल्ली हाती घेऊ नये.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

• गाडीभोवती फिरून ओरखडे, पोचे, काचा यांचे मोबाइलवर चित्रण करा. मालकाच्या माणसाला त्यात येऊ द्या.
• टायरची नक्षी आणि हवा पाहा. स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का ते उघडून पाहा.
• परवाना, विमा, पीयूसी यांच्या तारखा तपासा. गाडी गोव्याबाहेर नेता येते का, हे विचारा.
• डिपॉझिट किती, कधी परत, अपघातात आपला वाटा किती, हे लिहून घ्या.
• वायपर, दिवे, हॉर्न, मागचे पट्टे चालवून पाहा. सीट आणि तिन्ही आरसे स्वतःच्या उंचीनुसार लावा.
• रिकाम्या जागेत दोनदा ब्रेक दाबून, एकदा रिव्हर्स घेऊन पाहा. त्यानंतरच कुटुंबाला आत बसवा.
• करारात ज्याचे नाव आहे त्यानेच गाडी चालवावी. आणि ज्याने पेला हाती घेतला त्याने त्या दिवशी किल्ली हाती घेऊ नये. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

थारमध्ये बसून मिरवण्यात गैर काही नाही. सहल असतेच हौसेसाठी. पण सहलीची गाडी निवडताना तिचा रुबाब शेवटी पाहावा. आधी पाहावे ते आपल्या हाताची सवय, मागे बसणाऱ्यांची गुडघेदुखी आणि जाण्याची वाट. एवढा विचार करून घेतलेली गाडी कोणतीही असो, ती परत करताना डिपॉझिट पूर्ण मिळते आणि घरी सगळे धडधाकट पोचतात. फोटो तर किनाऱ्यावर कोणत्याही गाडीशिवायही छान येतात.